शुक्रवारचा सिनेमा आणि लेकीची मैत्रीण

नमस्कार ताई,

आम्ही बऱ्याच वर्षांपासून न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगी चौदा वर्षांची आहे, यंदाच हायस्कूलला गेली. तिची सगळ्यात जवळची मैत्रीण आफ्रिकन-अमेरिकन आहे. दोघी शाळेच्या ट्रॅक टीममध्ये एकत्र धावतात. ती पहिल्यांदाच आमच्याकडे रात्री राहायला येणार होती, म्हणून मी हौसेने तयारी केली. तिला परकं वाटू नये म्हणून तिच्यासारखीच मुलगी नायिका असलेला सिनेमा शोधला, 'द हेट यू गिव्ह'. रेटिंग पाहिलं, तेरा वर्षांपुढच्यांना चालणारं होतं. पोलीस त्या मुलाला गोळी घालतो तो प्रसंग आला आणि ती उठून बाथरूममध्ये गेली. बराच वेळ बाहेरच आली नाही. मग आईला फोन करून घरी निघून गेली. नंतर कळलं की तिच्या मोठ्या भावाला नुकतंच लायसन्स मिळालंय आणि तो एकटा गाडी चालवायला लागलाय.

माझी लेक मला म्हणाली, "आई, तू तिला पाहुणी म्हणून बोलावलं होतंस की प्रोजेक्ट म्हणून?" ते वाक्य डोक्यातून जात नाही. माझं नेमकं काय चुकलं? आता काय करू? आणि या वयाच्या मुलींनी बघावेत असे, कृष्णवर्णीय मुलींबद्दलचे चांगले सिनेमे कोणते?

अजून एक. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या मुलीशी गोड वागल्या, पण ती गेल्यावर म्हणाल्या, "बरं झालं गेली. काळ्यांची संगत नकोच." माझ्या लेकीला मराठी सगळं समजतं.

– एक आई, एडिसन

*

सप्रेम नमस्कार.

सिनेमांची यादी देते, पण आधी फोन. त्या मुलीच्या आईला आजच करा. मेसेज पाठवू नका, मिठाईच्या डब्यासोबत चिठ्ठी नको. कोणता सिनेमा लावला होता, कोणत्या प्रसंगापर्यंत तो चालला आणि मुलीला किंवा तुम्हाला न विचारता मी तो लावला हे माझं चुकलं, एवढंच सांगा. 'माझा हेतू चांगला होता' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळून टाका. ते म्हटलं की समोरच्या बाईला तुमची समजूत काढत बसावं लागतं आणि तिला तेवढंच एक काम राहिलंय असं नाही. मुलीला समोर बसवून माफी मागण्याचा सोहळाही नको. मोठ्या माणसाची माफी कशी स्वीकारायची हे चौदाव्या वर्षी कुणालाच ठाऊक नसतं. पुढच्या वेळी ती दारात आली की 'त्या दिवशी मी आधी विचारायला हवं होतं' एवढं बोला आणि तिला आत जाऊ द्या.

आता काय चुकलं ते. सिनेमा वाईट निवडला नाहीत. अँजी थॉमसच्या २०१७ च्या कादंबरीवरचा, पुढच्याच वर्षी आलेला तो सिनेमा चांगला आहे आणि स्टार कार्टरच्या भूमिकेत अमँडला स्टेनबर्गने जे काम केलंय त्याला तोड नाही. पण त्याची सुरुवात आठवा. जेवणाच्या टेबलाशी बाप आपल्या लहान लहान मुलांना शिकवतोय की पोलिसांनी गाडी थांबवली तर हात समोर ठेवायचे, दिसतील असे, आणि हलवायचे नाहीत. आपल्याकडे मुलगा गाडी शिकला की आपण काय सांगतो? पट्टा लाव, फोन बघू नको, इन्शुरन्स किती वाढलाय बघ. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरांत याच्या जोडीला तो दुसरा धडाही असतो आणि तो देताना आईबापांचा आवाज बदलतो. सिनेमात खलील हा मुलगा केस विंचरायचा ब्रश उचलतो, पोलिसाला ते पिस्तूल वाटतं आणि पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. ज्या मुलीचा भाऊ याच महिन्यात एकटा गाडी घेऊन बाहेर पडायला लागलाय, तिच्या घरी या विषयाची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. तिच्या घरची काळजी तुम्ही तिला पॉपकॉर्नसोबत दिलीत, तीही परक्या घरात, जिथून उठून जायला तिला कारण शोधावं लागलं.

तुमच्या लेकीने 'प्रोजेक्ट' म्हटलं, ते कडू असलं तरी नेमकं आहे. तुम्ही सिनेमा निवडताना त्या मुलीचा विचार केला नाहीत, तिच्या वर्णाचा केलात. ती ट्रॅकवर धावते, हे पत्रात तुम्हीच लिहिलंय. तिला काय आवडतं? घाबरवणारे सिनेमे? स्वयंपाकाच्या स्पर्धा? तुमच्या लेकीची दुसरी एखादी मैत्रीण, समजा कोकणातल्या घरची, राहायला आली असती तर तुम्ही तिच्यासाठी कोकणावरचा सिनेमा शोधला असतात का? नाही ना. तिला विचारलं असतंत.

पण यात सगळा दोष तुमचा नाही, शोधायच्या पद्धतीचाही आहे. कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलींचे सिनेमे शोधायला गेलं की जे वर येतात ते बहुतेक सोसणाऱ्या मुलींचे असतात. २००९ च्या 'प्रेशस'ला दोन ऑस्कर मिळाले. सिनेमा ताकदीचा आहे, पण त्यातल्या मुलीवर घरातच जे अत्याचार होतात ते बघायला मोठ्या माणसालाही धीर लागतो. तो तुम्ही लावला नाहीत हे नशीब समजा. छळली गेलेली मुलगी पुरस्कारांच्या यादीत पटकन सापडते. हट्टी, आळशी, प्रेमात पडलेली, शर्यत हरून घरी आलेली, आईशी भांडून दार आपटणारी मुलगी मात्र शोधावी लागते. म्हणून एकच चाळणी सुचवते. तिच्यावर काय होतं हे बाजूला ठेवा. त्या सिनेमातल्या मुलीला काय हवंय, ते बघा.

असे सिनेमे कमी का आहेत, याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वयात येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलग्यांचे सिनेमे बरेच आधीपासून आहेत. शिकागोतला 'कूली हाय' १९७५ चा, लॉस एंजेलिसमधला 'बॉईज एन द हूड' १९९१ चा. मुलींच्या वाट्याला जागा आली ती उशिरा आणि तीही तुकड्यातुकड्यांत. लेस्ली हॅरिस या दिग्दर्शिकेने अवघ्या सतरा दिवसांत चित्रीकरण करून 'जस्ट अनदर गर्ल ऑन द आय.आर.टी.' केला (आय.आर.टी. म्हणजे न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे). ब्रुकलिनची सतरा वर्षांची शँटेल, तोंडाळ, हुशार, डॉक्टर व्हायचं स्वप्न बघणारी, थेट कॅमेऱ्याकडे बघून आपल्याशी बोलणारी. १९९३ साली सन्डान्स महोत्सवात त्याचा खास गौरव झाला. त्यानंतरच्या तीन दशकांत हॅरिसला दुसरा पूर्ण लांबीचा सिनेमा करता आला नाही. त्याच सुमाराचा, आयोका चेन्झिराचा 'आल्माज रेनबो' हाही ब्रुकलिनमधलाच. शिस्तीची आई, रंगेल मावशी आणि मधे अडकलेली मुलगी. तो १९९४ चा, आणि त्याची नीट दुरुस्त केलेली प्रत लोकांसमोर यायला २०२२ उजाडलं. म्हणजे ज्या मुलींनी तो त्या वयात बघायचा, त्यांच्या मुली तोवर मोठ्या झाल्या होत्या.

(आपण तरी कुठे वेगळे आहोत. 'शाळा', 'फँड्री', 'किल्ला' हे तिन्ही सिनेमे मला मनापासून आवडतात आणि तिन्हींत कॅमेरा मुलाच्या खांद्यावरून बघतो. त्यांतल्या मुलींना, शिरोडकर आणि शालू यांना, काय वाटत होतं, हे सांगणारा सिनेमा अजून यायचाय.)

आता यादी. क्रमाने नाही, मला आठवतील तसे.

मुलींसाठी माझी पहिली पसंती 'रॉक्स'. २०१९ चा, लंडनच्या हॅकनी भागातला. शोला ओमोतोसो, मैत्रिणींमध्ये रॉक्स, नायजेरियन घरची मुलगी. एक दिवस शाळेतून घरी येते तर आई थोडे पैसे आणि चिठ्ठी ठेवून निघून गेलेली असते. रॉक्स कुणाला सांगत नाही. धाकट्या भावाला घेऊन आज इथे, उद्या तिथे रात्री काढते, कारण कळलं तर सरकारी खातं दोघांना वेगळं करेल ही भीती. एवढं वाचून तुम्ही म्हणाल, हाही सोसणाराच झाला की. नाही. निम्मा सिनेमा गच्चीवर, बाथरूमच्या आरशासमोर, वर्गात खिदळण्यात जातो. दिग्दर्शिका सारा गॅव्ह्रन आणि लेखिका थेरेसा इकोको व क्लेअर विल्सन यांनी पूर्व लंडनच्या शाळांमध्ये जाऊन मुलींबरोबर कितीतरी महिने कार्यशाळा घेतल्या आणि त्यातूनच पात्रं, बोली, विनोद घडवले. बहुतेक मुलींनी आधी कधी कॅमेऱ्यासमोर काम केलेलं नव्हतं. त्यामुळे त्या एकमेकींचं वाक्य तोडतात, एकदम चौघी बोलतात. नायिका झालेल्या बुकी बाक्रेला २०२१ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा चित्रपट पुरस्कारांतला उगवत्या कलाकाराचा पुरस्कार मिळाला आणि कलाकार निवडीसाठीही या सिनेमाला बाफ्टा मिळाला.

तो तुमच्या लेकीने बघावा असं मला वाटतं ते दुसऱ्या कारणाने. रॉक्सची जिवलग मैत्रीण सुमाया, सोमाली घरची. तिचं घर माणसांनी भरलेलं, लग्नघर, जेवणावळी. रॉक्सचं घर रिकामं. सुमायाचं रॉक्सवर जिवापाड प्रेम आहे आणि तरी तिला काही गोष्टी कळतच नाहीत, कारण तिच्या पाठीमागे कायम कुणीतरी उभं आहे. त्यांचं भांडण होतं ते वाईटपणातून होत नाही, या फरकातून होतं. तुमची लेक आणि तिची मैत्रीण यांच्यात असा फरक कधी ना कधी समोर येणार. त्या शुक्रवारी आलाच. त्यावर दोघी कशा वागतात हे सिनेमात बघितलेलं असलं तर बरं. शिवाय त्या टोळीत एक बांगलादेशी मुलगीही आहे, त्यामुळे 'आपल्यासारखं' कुणी नाही असं तुमच्या लेकीलाही वाटणार नाही.

दोघी धावतात म्हणून 'लव्ह अँड बास्केटबॉल' (२०००). जीना प्रिन्स-बाइथवुडचा पहिला सिनेमा. बास्केटबॉलच्या सामन्यासारखे चार भाग पाडलेत. १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये अकरा वर्षांची मोनिका शेजारी राहायला येते आणि पहिल्याच दिवशी अंगणातल्या मुलांना खेळात झोडपते. पुढे ती आणि शेजारचा क्विन्सी, त्यांचं प्रेम, त्यांची ईर्ष्या. मोनिकाला मुलगा पण हवाय आणि चेंडू पण, आणि यातलं एक सोड असं तिला सगळे सांगत राहतात. ती मैदानावर चिडते तेव्हा पंच तिला दटावतात, मुलगा चिडला की तो लढाऊ ठरतो. खेळणाऱ्या मुलींना हे समजावून सांगावं लागणार नाही. यातलं आई आणि मुलीचं स्वयंपाकघरातलं भांडण तुम्ही मात्र जरूर बघा, आल्फ्री वुडर्ड आणि सना लेथन. घरासाठी स्वतःचं काहीतरी सोडलेली आई आणि 'तू लढली का नाहीस' असं विचारणारी मुलगी. दोघींचं खरं असतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. त्यात एक शरीरसंबंधाचा प्रसंग आहे, संयमाने घेतलेला, पण आजी सोफ्यावर असताना तो सिनेमा लावू नका.

'द फिट्स' छोटा आहे, बहात्तर मिनिटांचा, आणि विचित्र आहे. सिनसिनाटीच्या एका समाजकेंद्रात अकरा वर्षांची टोनी भावाबरोबर बॉक्सिंग शिकते आणि पलीकडच्या हॉलमधल्या नाचणाऱ्या मोठ्या मुलींकडे दारातून बघत राहते. मग त्या मुलींना एकामागोमाग झटके यायला लागतात, कारण कळत नाही. बोलणं अगदी थोडं. टोनी नखं रंगवते आणि मग रंग खरवडून काढते; वयात येण्याबद्दल मला त्या प्रसंगाने जेवढं सांगितलं तेवढं लांबलचक संवादांनी सांगितलं नसतं. नायिका रॉयल्टी हायटॉवर ही सिनसिनाटीच्या खऱ्याखुऱ्या क्यू-किड्झ नृत्यसंघातलीच मुलगी. काही मुलींना हा कंटाळवाणा वाटतो. वाटला तर बंद करू द्या.

दोन सावधगिरीच्या सूचना. स्पाइक लीचा 'क्रुकलिन' (१९९४) अतिशय लोभस आहे. १९७३ चं ब्रुकलिन, चार भावांत एकटी वाढणारी ट्रॉय, रस्त्यावरचे खेळ, कायमची पैशांची ओढाताण. ली भावंडांनी मिळून, स्वतःच्या लहानपणावरून तो लिहिला. पण त्यात आई जाते. कुणाच्या घरी कुणाची आई आजारी असेल हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून आधी सांगून मगच लावा. आणि फ्रान्सचा 'गर्लहुड' (२०१४), पॅरिसच्या उपनगरातल्या सोळा वर्षांच्या मारिएमचा, तो दिसायला देखणा आहे, चार मैत्रिणी हॉटेलच्या खोलीत निळ्या प्रकाशात नाचतात तो प्रसंग विसरता येत नाही. दिग्दर्शिका सेलीन सियामा गोरी आहे आणि तिने ही गोष्ट बाहेरून सांगितली, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. उत्तरार्ध बघताना मलाही तो पटतो; मारिएमला पुढे कुठे न्यायचं हे सिनेमालाच सुचत नाही. 'रॉक्स'ची दिग्दर्शिकाही गोरीच आहे, 'द फिट्स'चीही. पण तिथे त्या मुलींना आधी ऐकलं गेलं आणि ते पडद्यावर जाणवतं.

डी रीसचा 'परायाह' (२०११) दोघी सतरा-अठराच्या झाल्या की. ब्रुकलिनची आलिके कविता लिहिते, तिला मुली आवडतात आणि घरी जाताना ती बसमध्येच कपडे बदलून आईला हवी तशी मुलगी होते. रेटिंग मोठ्यांचं आहे. तुम्ही मात्र आत्ताच बघा, कारण त्यातली आई वाईट बाई नाही. ती मुलीसाठी कपडे आणते, चर्चमधल्या ओळखीची चांगली मैत्रीण शोधून देते, आणि मुलीला गमावते.

इथून माझं पत्र तुमच्याकडे वळतं. तुम्ही मुलींसाठी सिनेमे विचारलेत, पण एक सिनेमा मला तुमच्यासाठीच सांगायचाय. 'मिस जूनटीन्थ', २०२० चा, टेक्सासच्या फोर्ट वर्थमधला. १९ जूनला तुमच्या ऑफिसला सुट्टी असते ना, तोच हा दिवस. गुलामगिरी संपल्याची घोषणा लिंकनने १ जानेवारी १८६३ ला केली होती, पण टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला सैन्याने येऊन ती अंमलात आणली १९ जून १८६५ ला. अडीच वर्षं तिथली माणसं कागदावर मोकळी आणि प्रत्यक्षात गुलाम होती. ही सुट्टी देशभर लागू झाली ती २०२१ मध्ये, म्हणजे सिनेमा आल्यानंतर. दिग्दर्शिका चॅनिंग गॉडफ्री पीपल्स स्वतः फोर्ट वर्थची.

या दिवशी तिथे कृष्णवर्णीय मुलींची एक स्पर्धा होते, जिंकणाऱ्या मुलीला कॉलेजची शिष्यवृत्ती. टर्कॉइज जोन्सने ती २००४ साली जिंकली होती. सगळ्या गावाला वाटलं, ही आता मोठी होणार. मग मूल झालं, कॉलेज सुटलं. आता ती एका बारमध्ये कामाला आहे, जोडीला मृतदेहांचं प्रसाधन करते, आणि पै-पै साठवून पंधरा वर्षांच्या होऊ घातलेल्या मुलीला, काईला, त्याच स्पर्धेत उतरवते. तोच मुकुट, तीच कविता, टेबलावर काटे-चमचे धरायची तीच पद्धत. काईला यातलं काहीही नकोय. तिला शाळेच्या डान्स टीममध्ये जायचंय.

निकोल बेहारीने टर्कॉइज अशी उभी केलीय की तिचा राग येत नाही. ती मुलीवर लादते आहे हे दिसतं आणि ती का लादते आहे हेही दिसतं. तुम्ही ज्या प्रेमाने त्या मुलीसाठी सिनेमा शोधलात, त्या प्रेमाची जातही हीच. आपण समोरच्यासाठी इतकं करतो, इतकं की त्याला काय हवंय हे विचारायचं राहूनच जातं. शेवटी काई ती कविता म्हणते, पण कशी म्हणते ते इथे सांगत नाही. एकट्याने बघा. अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या कुठल्याही मराठी आईला, मुलांना शनिवारी मराठी शाळेला आणि रविवारी कथकला सोडणाऱ्या, त्यात आपलं घर दिसेल. तुमच्या लेकीच्या मैत्रिणीचं घरही त्यात दिसेल असं समजू नका. तिचं घर न्यू जर्सीत आहे आणि ते कसं आहे हे तिची आईच सांगू शकते.

आता सासूबाई. हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी, 'अजून एक' म्हणून टाकलात. मला तो पहिला वाटतो. मैत्रीण घरी गेली ते सिनेमामुळे; ती परत आली तर ज्या घरात येईल त्या घरात तिच्याबद्दल असं बोललं जातं, हे तुमच्या लेकीला आता माहीत आहे. तुम्ही त्यावर काय बोललात हे पत्रात नाही, म्हणून धरून चालते की काही बोलला नाहीत. लेकीनेही तेच धरलंय.

हे बोलणं तुम्ही करायचं नाही, तुमच्या नवऱ्याने करायचं. त्यांची आई आहे. सुनेने सांगितलं की तो सासू-सुनेचा विषय होतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. त्यांनी शांतपणे, लेक ऐकत असताना म्हणावं, "आई, ती मुलगी आमच्या घरची आहे, ती येणार. तिच्याबद्दल असं बोललेलं मला चालणार नाही." भाषण नको. सावळ्या विठोबाचा दाखला तर अजिबात नको. तो सासूबाईंनी जन्मभर ऐकलाय, आषाढीला अभंगही म्हटलेत, आणि मुलासाठी स्थळं बघताना 'मुलगी उजळ आहे ना' हे विचारलेलंच असेल. आपल्याकडे त्वचा उजळ करणाऱ्या क्रीमच्या नावातला 'फेअर' निघायला २०२० साल उजाडलं. मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला आणि जगभर रंगभेदावर लोक रस्त्यावर आले, त्यानंतर महिनाभराने कंपनीने नाव बदलायची घोषणा केली. डबीतलं क्रीम आहे तिथेच आहे. तुमच्या लेकीला आजीने कधीतरी 'उन्हात धावू नको, काळी पडशील' म्हटलंच असणार. तेव्हा 'काळ्यांची संगत' हे वाक्य तिने दोनदा ऐकलंय, एकदा मैत्रिणीसाठी आणि एकदा स्वतःसाठी. तिच्याशी याबद्दल तुम्ही बोला. हे काम नवऱ्यावर ढकलू नका.

सासूबाईंना बदलणं सहा महिन्यांचं काम नाही. पण त्यांच्याबरोबर बघता येईल असा एक सिनेमा आहे, 'अकीला अँड द बी' (२००६). लॉस एंजेलिसच्या क्रेनशॉ भागातली अकरा वर्षांची अकीला स्पेलिंगच्या स्पर्धेत उतरते. वडील नाहीत, आई कामाने पिचलेली आणि या सगळ्याला विरोध करणारी, गुरुजी कडक. परीक्षा, पाठांतर, मुलीचं नाव निघणं, यातलं काहीही आजीला समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय या स्पर्धेवर आपल्या लोकांचा किती जीव आहे हे एडिसनला काय सांगायचं; २०१९ ला आठ जण एकदम विजेते ठरले त्यात सात भारतीय वंशाचे होते. सिनेमा आल्यानंतर पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये, लुइझियानाची चौदा वर्षांची झायला अवान्त-गार्ड ही स्पर्धा जिंकणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन मुलगी ठरली. बास्केटबॉल उडवण्याचे गिनेस विक्रमही तिच्या नावावर आहेत. तिचा शेवटचा शब्द होता 'मुराया', झाडांच्या एका प्रजातीचं नाव. आपल्या कढीपत्त्याचं शास्त्रीय नाव बरीच वर्षं त्यावरूनच चालत आलंय. हे सासूबाईंना जरूर सांगा, फोडणी करताना सांगितलंत तर उत्तम.

एक बारीकशी गोष्ट, घरातल्या सगळ्यांसाठी. ती मुलगी पुन्हा राहायला आली आणि झोपताना केसांवर साटिनची टोपी घातली तर आजीने 'हे काय गं' म्हणून हात लावायचा नाही, वेण्या ओढून बघायच्या नाहीत. कौतुकानेही नाहीत. केसांचं प्रकरण तिकडे किती नाजूक आहे हे तुमच्याच राज्यात दिसलं होतं. २०१८ च्या डिसेंबरात एका शाळकरी पैलवानाला पंचांनी सांगितलं की ड्रेडलॉक्स, म्हणजे जटांसारख्या वळलेल्या बटा, काप नाहीतर कुस्ती सोड, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मॅटशेजारीच त्याचे केस कापले गेले. बरोबर एका वर्षाने, डिसेंबर २०१९ मध्ये, न्यू जर्सीत केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला.

आणि पुढच्या शुक्रवारी सिनेमा कोणता, याचं उत्तर मी दिलेल्या यादीत नसेल कदाचित. रिमोट मुलींच्या हातात द्या. तुमच्या लेकीला 'रॉक्स' आणि 'लव्ह अँड बास्केटबॉल' ही दोन नावं सांगून ठेवा, कधी लावायचे, लावायचे की नाही, ते त्या बघतील. बहुतेक त्या कोरियन मालिका लावतील किंवा भुताचा सिनेमा. लावू द्या. तुम्ही शेजारी बसायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल म्हणून सांगते, नाही. जेवायला काय हवं हे विचारायला एकदा डोकवा आणि पनीर टिक्क्याबरोबर थोडा साधा पिझ्झाही मागवा.

तुमची,
सदरवाली ताई